पहिला दीड महिना

वसंत सरत येतो, परीक्षांचे निकाल लागू लागतात आणि आपल्यासारख्या गावातील कितीतरी घरांत एकच लगबग सुरू होते. कोणाचा मुलगा पुण्याला शिकायला निघालेला असतो, कोणाची मुलगी मुंबईला नोकरीवर रुजू व्हायची असते. आई डबे भरते, वडील गाडीची तिकिटे पुन्हा पुन्हा पाहतात, शेजारी ‘पोचल्याबरोबर फोन कर’ म्हणून बजावतात. सामानाची यादी चार वेळा तपासली जाते. खर्चाची यादी मात्र बहुधा तोंडीच राहते. ‘पगार सुरू झाला की भागेल,’ या एका वाक्यावर ती संपते. आज मी आपणांसमोर बोलणार आहे ते या एका वाक्यासंबंधी. पगार सुरू होतो हे खरे. पण तो हातात पडेपर्यंत काय?

हा प्रश्न घरखर्चाचा झाला, इतिहासाचा कसा, असे कोणी विचारील. पानिपतच्या मोहिमेत रसद तुटल्यावर आपल्या फौजेची काय अवस्था झाली, हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. लाखाच्या सैन्याची रसद हा जर इतिहासाचा विषय, तर काखेत वळकटी मारून एकट्याने घर सोडणाऱ्या माणसाची रसद हा का नसावा? गेल्या दीडशे वर्षांत महाराष्ट्रात जे जे मोठे घडले, ते पुष्कळसे अशा घर सोडून निघालेल्या माणसांनी घडविले. त्यांनी पुढे काय केले हे आपल्याला पाठ आहे. पहिला दीड महिना ते जगले कशावर, हे आपण सहसा विचारीत नाही. ते विचारू लागले की चरित्रनायकाच्या शेजारी दुसरीच माणसे उभी असलेली दिसू लागतात.

प्रथम विद्यार्थ्यांचे पाहू. आगगाडी येण्यापूर्वी आणि नंतरही पुष्कळ काळ, पुण्यासारख्या ठिकाणी शिकायला आलेला गरीब ब्राह्मण मुलगा माधुकरी मागे किंवा वार लावून जेवे. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, असे सात वार सात घरी लागले की आठवड्याचे गणित सुटले. आजच्या भाषेत सांगायचे तर त्याच्या अंदाजपत्रकात जेवणाचा रकाना कोरा होता. तो रकाना सात गृहिणी मिळून भरीत होत्या. यात अपमान नव्हता असे नाही. पंक्तीत कोठे बसविले, काय वाढले, कोणत्या स्वराने वाढले, हे त्या मुलांनी आयुष्यभर लक्षात ठेवले. वाराच्या घरी काही अडचण निघाली की त्या दिवशी उपास घडे. पण व्यवस्था होती, आणि रोख पैशाशिवाय ती चालत होती.

मात्र ही व्यवस्था कोणासाठी होती? वार लागत तो जातीच्या उंबरठ्याच्या आत. मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान शेतकऱ्याच्या मुलाला शहरात वार कोण देणार? अस्पृश्य मानलेल्या मुलाला तर पाणीही मिळण्याची मारामार. म्हणजे घर सोडण्याची इच्छा सगळ्यांना सारखी असली, तरी पहिला दीड महिना सगळ्यांना सारखा नव्हता. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी नेमके हेच ओळखले. शाळा काढून भागत नाही, शाळेपर्यंत आलेल्या मुलाच्या ताटाची आणि अंथरुणाची सोय करावी लागते. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून त्यांनी वसतिगृहांची जी माळ सुरू केली, तिच्यात पुढे जैन, लिंगायत, मुसलमान अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे आली, आणि १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. शिक्षणाच्या इतिहासात या घटनेची नोंद समाजसुधारणा म्हणून होते. ती योग्यच आहे. पण हिशेबाच्या वहीतून पाहिले तर जो रकाना ज्याला कधी भरता येत नव्हता, तो भरून देण्याचीच ही योजना होती.

तोच धागा साताऱ्यास भाऊराव पाटलांनी पुढे नेला. १९२४ साली त्यांनी निरनिराळ्या जातींच्या मुलांना एका छपराखाली आणले. मुले स्वतः कष्ट करीत, आणि धान्यासाठी घरोघरी मुष्टिफंड गोळा होई. तेही पुरेना तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे दागिने एकेक करून गेले आणि शेवटी मंगळसूत्रही गेले, ही हकीकत आपण सर्वांनी ऐकलेली आहे. ती ऐकून आपले डोळे पाणावतात आणि आपण पुढे जातो. मी आपणांस थोडे थांबायला सांगतो. घर सोडणाऱ्याचे भांडवल शोधू लागले की बाईचे सोने असे वारंवार सापडते. पुढेही ते सापडणार आहे.

आता एका हिशेबाकडे वळू. गोपाळ कृष्ण गोखले यांचे वडील १८७९ साली वारले. थोरले बंधू गोविंदराव त्या वेळी स्वतः विद्यार्थीच होते. त्यांनी शिक्षण सोडले, दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातील आठ रुपये ते दरमहा कोल्हापुरास शिकणाऱ्या गोपाळास पाठवू लागले. पंधरातून आठ वजा जाता उरले सात. त्या सातांत गोविंदरावांचा संसार. म्हणजे शिकणाऱ्याला अधिक आणि कमावणाऱ्याला कमी. गोखले अर्थसंकल्पावर बोलू लागले की मोठमोठे सरकारी अधिकारी सावरून बसत, असे आपण वाचतो. १९०२ साली मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांनी केलेले अंदाजपत्रकावरील पहिले भाषण आजही अभ्यासले जाते. परंतु त्यांनी पाहिलेले पहिले अंदाजपत्रक सरकारचे नव्हते. ते पंधरा रुपयांचे होते, आणि त्याची वाटणी कोणी कशी केली हे त्यांना शेवटपर्यंत विसरता आले नाही.

त्या विद्यार्थिदशेतील एक गोष्ट त्यांच्या चरित्रांतून सांगतात. एका मित्राने त्यांना नाटकाला नेले. मित्र नेतो आहे तेव्हा तिकीटही तोच काढणार, असे गोखल्यांना वाटले. पुढे मित्राने तिकिटाचे दोन आणे मागितले. गोखल्यांनी ते निमूटपणे दिले, आणि ती तूट भरून काढण्यासाठी दिव्याच्या तेलाचा खर्च बंद करून रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला. आपण ही गोष्ट मुलांना अभ्यासाची गोडी म्हणून सांगतो. वास्तविक ती हिशेबाची गोष्ट आहे. आठ रुपयांचे आणे होतात एकशे अठ्ठावीस. महिन्याचे तीस दिवस धरले तर रोजचे जेमतेम सव्वाचार आणे. त्यांतून दोन आणे गेले म्हणजे जवळजवळ अर्धा दिवस गेला. ज्याच्या खर्चात राखीव म्हणून काहीच नसते, त्याला दोन आण्यांचा अपघातही अपघातच असतो. गोखल्यांनी तेल कापले, कारण कापण्याजोगे तेवढेच होते.

ज्यांना कापायला तेवढेही राहत नाही ते शरीर कापतात. १८८३ सालच्या एप्रिल महिन्यात आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून आगबोटीने अमेरिकेस निघाल्या. वय अठरा वर्षांचे. समुद्रापलीकडे वैद्यकीय शिक्षणासाठी एकटी जाणारी ही मराठी मुलगी, आणि तिच्या वाटखर्चात तिच्या हातच्या सोन्याच्या बांगड्यांचा पैसा होता. पाहा, सोने पुन्हा आलेच. न्यू जर्सीत कार्पेंटर कुटुंबाने तिला मुलीसारखे घरात घेतले, आणि फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात तिला प्रवेश व आर्थिक साहाय्य मिळाले. प्रवास, निवारा, फी हे तिन्ही रकाने अशा रीतीने भरले गेले. राहून गेला तो थंडीचा रकाना. तिच्या खोलीतील शेगडी इतका धूर सोडी की धूर सोसायचा की गारठा, एवढीच निवड उरे. नऊवारी लुगडे त्या हवेत अंग पुरते झाकीत नसे. आहाराचे नियम घरून आणलेले, हवा परकी. १८८६ च्या मार्चमध्ये पदवी हाती आली, वर्षअखेरीस त्या स्वदेशी परतल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने पुण्यास वारल्या. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. क्षयाचे खापर एका शेगडीवर फोडावे, असे मी म्हणत नाही. परंतु दूर जाणाऱ्या माणसाच्या खर्चात प्रकृतीचा रकाना सर्वांत शेवटी लिहिला जातो आणि पैसे कमी पडले की सर्वांत आधी खोडला जातो, हे त्या काळाइतकेच आजही खरे आहे.

येथवर सांगितली ती नामांकितांची उदाहरणे झाली. पण घर सोडणाऱ्यांची खरी रीघ लागली ती गिरण्यांकडे. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत सूतगिरणीचा घाट घातला, १८५६ साली ती चालू झाली, आणि पुढच्या पन्नास वर्षांत कोकणातून व देशावरून माणसांचा ओघ मुंबईला लागला. रत्नागिरीकडचा तरुण आगबोटीने धक्क्यावर उतरे तेव्हा त्याच्याजवळ काय असे? एक पत्र्याची पेटी, कुळथाचे पीठ, थोडे तांदूळ, आणि गावच्या कोणाचा तरी पत्ता. त्या पत्त्याला फार मोठी किंमत होती. गिरणगावातील एखाद्या चाळीत गावकऱ्यांनी मिळून घेतलेली खोली असे. दहा-पंधरा जण वर्गणी भरून ती राखीत. प्रत्येकाची पेटी भिंतीला, वळकटी दोरीवर. पाळ्या वेगळाल्या असल्यामुळे एक कामावर गेला की त्याच्या जागी दुसरा आडवा होई. नव्याने आलेल्याकडे कोणी अनामत मागत नसे. काम लागले की वर्गणी सुरू.

गोव्याच्या लोकांची हीच सोय ‘कूड’ या नावाने चालत होती. गावोगावच्या ख्रिस्ती मंडळींनी मुंबईत धोबीतलाव, माझगाव या बाजूंना आपापल्या गावाची कूड काढली. एका दालनात ओळीने पेट्या, मध्ये गावच्या संताची वेदी, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, आणि महिन्याची अगदी थोडी वर्गणी. बोटीवरच्या नोकरीची वाट पाहत बसलेल्या खलाशाला हा मोठा आधार. काम आज मिळेल की तीन महिन्यांनी, हे ज्याला माहीत नाही, त्याला राहण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आणावाच लागतो. कूड तेच करीत होती.

छपराचे असे जमले. ताटाचे काय? येथे गिरणीच्या पगाराची रीत ध्यानात घ्यावी लागते. पगार महिन्याचा असे, आणि संपलेल्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्यात कितीतरी दिवस उलटल्यावर हाती पडे. पहिल्या तारखेला कामावर लागलेल्या माणसाला पहिला पैसा दिसायला सुमारे दीड महिना जाई. माझ्या निबंधाचे नाव येथून आले आहे. दीड महिना काम करायचे, दोन वेळा जेवायचे, आणि खिशात काही नाही. मालकाच्या दृष्टीने ही हिशेबाची सोय होती. प्रत्यक्षात कामगाराने मालकाला दिलेले ते बिनव्याजी कर्ज होते. १९३६ साली वेतन देण्याविषयीचा कायदा झाला आणि महिना संपल्यावर सातव्या, मोठ्या कारखान्यांत दहाव्या दिवसाच्या आत पगार दिलाच पाहिजे, असे ठरले. तोवर, आणि त्यानंतरही काही अंशी, हा खड्डा कोणी भरला?

तो भरला खानावळवालीने. चाळीतल्या एका खोलीत, चुलीच्या धुरात, दहा-वीस माणसांचे दोन वेळचे जेवण रांधणारी ही बाई बहुधा गिरणी कामगाराची बायको किंवा विधवा असे. पोटभर भाकरी, आमटी, वारानुसार मासळी, आणि पैसे पगार झाल्यावर. म्हणजे नव्या माणसाला ती महिना-दीड महिना उधारीवर जेवू घाली. वाण्याकडून धान्य तिलाही उधारच आणावे लागे. वाणी थांबला नाही की सावकाराकडे जाणे आले, आणि सावकार गहाण मागे. गहाण काय ठेवायचे, हे मी सांगायला नको. मुंबईच्या गिरणी उद्योगाचे भांडवल कापसाच्या व्यापारातून आले, असे अर्थशास्त्राच्या पुस्तकांत लिहिलेले असते. त्यात खानावळवालीच्या पाटल्याही मिळवायला हव्यात. या बायकांची दखल घेतली गेली ती फार उशिरा. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांची संघटना बांधली आणि सावकाराऐवजी राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज त्यांना मिळवून दिले.

या कामगारांच्या खर्चाची पद्धतशीर पाहणी एकदा सरकारने केली. मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने १९२१-२२ साली सुमारे अडीच हजार कुटुंबांचे आणि सहाशेवर एकट्या राहणाऱ्या पुरुषांचे जमाखर्च गोळा केले. फिंडले शिरास यांचा तो अहवाल १९२३ साली निघाला. कुटुंबाची सरासरी मासिक प्राप्ती बावन्न रुपये चार आणे सहा पै. शेकडा सत्त्याण्णव कुटुंबे एका खोलीत राहणारी. शेकडा सत्तेचाळीस कुटुंबे कर्जात. व्याजाचा नेहमीचा दर रुपयामागे महिना एक आणा, म्हणजे वर्षाला शेकडा पंचाहत्तर. आणि सर्वांत बोचणारा निष्कर्ष पुढेच आहे. हा कामगार जे धान्य खातो ते दुष्काळी कामांसाठी ठरविलेल्या कमाल प्रमाणाइतके भरते. पण मुंबईच्या तुरुंगात कैद्याला जे मिळते त्यापेक्षा ते कमी आहे. स्वतःच्या पायावर उभा राहण्यासाठी घर सोडलेला माणूस बंदिवानापेक्षा कमी खात होता. का? कारण त्याच्या मिळकतीतून आधी सावकाराचे व्याज जाई आणि मग गावी मनीऑर्डर जाई. १८८० साली पोस्टाने मनीऑर्डरीचे काम हाती घेतले तेव्हापासून कोकणातल्या कितीतरी चुली पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसत. ज्या घराने वाटखर्च काढून दिला त्याचे देणे फेडणे चालू होते. पोटाला मिळे ते या दोन्हींतून उरेल ते.

आता एका अशा माणसाकडे वळतो, की ज्याने दोनदा घर सोडले आणि दुसऱ्यांदा तयारीने सोडले. भीमराव आंबेडकर १९१३ साली अमेरिकेस गेले ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि बदल्यात दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याचा करार. पुढे ते लंडनला आले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. विद्यापीठाने चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची सवलत दिली. करारानुसार ते बडोद्यास नोकरीवर गेले. पदवी होती, पगार ठरलेला होता, आणि राहायला खोली मिळेना. एका पारशी धर्मशाळेत दिवसाला दीड रुपया देऊन आणि पारशी नाव लावून ते कसेबसे राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. एका हिंदू व एका ख्रिस्ती मित्राने आश्रय देण्याचे टाळले. काही तास कामाठी बागेत बसून रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

भाड्याच्या रकान्यात रक्कम लिहिली म्हणजे खोली मिळते, असे आपण समजतो. खोली देणारा असावा लागतो. हातात पैसे असूनही दार बंद होते, हा अनुभव बडोद्यातच संपला नाही. नाव, आडनाव, धर्म, आहार विचारून खोली नाकारणारे घरमालक आजही आपल्याच शहरांत आहेत, आणि एकट्या मुलीला खोली नाकारणारेही आहेत. ज्याला चार ठिकाणी नकार मिळण्याचा संभव आहे, त्याला पहिला दीड महिना दुसऱ्यांपेक्षा महाग पडतो. त्याला अधिक दिवस कोठेतरी तात्पुरते राहावे लागते. समाजाने लादलेला हा जास्तीचा खर्च त्याच्या वहीत पडतो, आपल्या पडत नाही.

दुसऱ्या खेपेस आंबेडकरांनी काय केले ते पाहा. १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार चारशे पन्नास रुपये, म्हणजे त्या काळी बंगला करून राहण्याइतका. ते राहिले परळच्या चाळीत. ठरलेली बेताची रक्कम रमाबाईंच्या हाती संसारासाठी पडे, बाकीची लंडनसाठी बाजूला जाई. दीड वर्षाच्या आत त्यांनी नोकरी सोडली आणि १९२० च्या जुलैमध्ये साठविलेला पैसा, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांचे पाच हजार रुपयांचे कर्ज, एवढ्या तिहेरी आधारावर ते पुन्हा निघाले. चार वर्षांची मुदत डोळ्यांसमोर होती आणि ती संपायच्या आत ते लंडनला पोचले. तेथे चहा-पावावर दिवस काढून, रात्री भूक लागली तर पापड भाजून, त्यांनी अभ्यास पुरा केला. १९२३ सालापर्यंत डी.एस्सी. आणि बॅरिस्टरी दोन्ही हाती आल्या. आंबेडकरांची बुद्धिमत्ता सांगताना आपण थकत नाही. ‘मला किती महिने, किती पैसे, आणि ते कोठून’ या तीन प्रश्नांची उत्तरे त्यांनी निघण्यापूर्वी मिळविली, हीही बुद्धिमत्ताच. आणि ते तीन आधार सांगताना चौथा सांगायचा राहू नये. चारशे पन्नास रुपयांच्या प्राध्यापकाची पत्नी चाळीतल्या बेताच्या खर्चात संसार रेटीत होती. तिने पोटाला घेतलेला चिमटा हा त्या पदवीचा पहिला हप्ता होता.

एवढ्या उदाहरणांवरून काय दिसते? घर सोडणारा एकटा निघतो, पण एकट्याच्या बळावर तो क्वचितच निघतो. निघणे आणि पहिली कमाई यांच्यामध्ये एक खड्डा असतो. तो भावाने, सात गृहिणींनी, गावच्या खोलीने, खानावळवालीने, संस्थानिकाने, मित्राने किंवा पत्नीने भरलेला असतो. कधी तो भरला जात नाही, आणि मग सावकार येतो किंवा आजार येतो.

हा आधार परतीच्या वाटेवरही लागतो. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप महिनोन्महिने लांबला. त्यांच्यातील कितीतरी जण गावी परतले आणि तेथल्या भातावर तगले. गावाशी संबंध राखलेल्याला निदान परत जायला घर होते. ज्याने मुंबईतच सारे उभे केले होते, त्याच्यापाशी ती वाट नव्हती. गिरणगाव त्यानंतर पूर्ववत झाले नाही. गावकीच्या खोल्याही पुष्कळ मोडल्या, आणि वार लावण्याची रीत तर त्याच्या कितीतरी आधी नाहीशी झाली.

त्याची हळहळ करण्याचे कारण नाही. त्या रीतींत जातीचे कुंपण होते, उपकाराचे ओझे होते, बायकांच्या कष्टाचा कोठेच न लिहिलेला हिशेब होता. आजच्या मुलीला खोलीसाठी गावकीच्या पंचांना विचारावे लागत नाही, हे चांगलेच झाले. पण या मोबदल्यात एक गोष्ट घडली आहे ती आपण नीट ओळखलेली नाही. पूर्वी जो खड्डा माणसे भरीत, तो आता रोख पैशाने भरावा लागतो, आणि तोही आधी. भाडे महिना दहा हजार आहे असे केवळ उदाहरणासाठी धरू. तीन महिन्यांची अनामत तीस हजार, पहिले भाडे दहा हजार, दलाली आणखी दहा हजार. नव्या खोलीत पहिली रात्र काढण्यापूर्वी पन्नास हजार रुपये गेले. अजून गादी घेतलेली नाही, शेगडी घेतलेली नाही, आणि पगाराला महिना आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपण मुलांना सांगतो. येथे अंथरूणच आधी विकत घ्यायचे आहे! घरासाठी दोन महिन्यांहून अधिक अनामत घेऊ नये, असे केंद्राच्या २०२१ सालच्या नमुना भाडेकरार कायद्यात सुचविले आहे. मात्र राज्याने तसा कायदा केला तरच ते लागू होते. करार लेखी आणि नोंदणीकृत असावा, ही तरतूद महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्यातच आहे. तेवढे तरी मुलांना सांगून पाठवावे.

म्हणून आपल्यापैकी ज्यांच्या घरून या जूनमध्ये कोणी निघणार असेल त्यांना माझे सांगणे थोडके आहे. सामानाच्या यादीबरोबर एक साधी वही करा आणि मुलाबरोबर, मुलीबरोबर बसून करा. एका पानावर पहिल्या दीड महिन्याचा सगळा खर्च लिहा: अनामत, भाडे, जेवण, जाणे-येणे, भांडी. पगार त्यात धरू नका, कारण तो अजून आलेला नाही. दुसऱ्या पानावर आजारपणाची रक्कम लिहा, आणि दुसरे काही कमी पडले तरी तिला हात लावायचा नाही असे ठरवा. तिसऱ्या पानावर परतीचे भाडे लिहा. हे पान पाहून मुले नाराज होतात. आपण अपयशी होणार असे घरच्यांनी गृहीत धरले की काय, असे त्यांना वाटते. त्यांना समजावून सांगा, की ज्याच्या खिशात परतीचे भाडे असते तो वाईट घरमालकाला आणि वाईट धन्याला नाही म्हणू शकतो. नाही म्हणता येणे हेच स्वतःच्या पायावर उभे राहणे.

राहिले पहिले पान. त्यावर रक्कम लिहायची नाही, नावे लिहायची. हा पैसा कोणाकोणाच्या हातून आला त्यांची नावे: बापाच्या भविष्यनिर्वाह निधीतून, भावाच्या पगारातून, आईच्या दागिन्यांतून, की स्वतः दोन वर्षे शिकवण्या करून. गोविंदराव गोखल्यांचे नाव आज फारसे कोणाला ठाऊक नाही. उधारीवर जेवू घालणाऱ्या खानावळवालीचे तर नावच कोठे लिहिले गेले नाही. इतिहासाच्या वहीत ही पाने कोरी राहिली. निदान आपल्या घरच्या वहीत ती कोरी राहू नयेत.